टचपॅड बंद करून ट्रॅकपॉइंटवर हात बसवायचा, तर या क्रमाने

"ते मधलं लाल टिंब दोन दिवस वापरून पाहिलं. बाण कुठेही पळतो, बोट दुखतं. दिलं सोडून." लेनोवोचा नवा किंवा जुना थिंकपॅड लॅपटॉप घेतलेल्या माणसांकडून ट्रॅकपॉइंटबद्दल, म्हणजे कीबोर्डच्या मधोमध असलेल्या, बाण हलवण्याच्या छोट्या काठीबद्दल, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता समोरून तीनच प्रश्न विचारते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हलक्या दाबालाही बाण किती पळावा याची सेटिंग, किती ठेवली होती? टचपॅड बंद केलं होतं का? टिंबावरची रबरी टोपी धड होती का? उत्तर बहुतेक वेळा "तसं काही बघितलं नाही" असं येतं. दोष टिंबाचा नसतो, त्यांच्या बोटाचाही नसतो. आधी मशीन लावून घ्यायचं आणि मग बोट शिकवायचं, हा क्रम उलटा झालेला असतो.

मी दिवसभर मराठी मजकूर टाइप करते आणि तपासते. अक्षरांवरून हात न उचलता बाण हलवता येणं ही माझ्यासाठी रोजची गरज आहे. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. घाईने सहाव्या टप्प्यावर उडी मारलीत तर पहिल्या दिवशी तर्जनीचं पेर दुखेल, आणि दुसऱ्या दिवशी हात पुन्हा टचपॅडवर जाईल.

उदाहरणं थिंकपॅडची आहेत. डेलच्या काही लॅटिट्यूड आणि एचपीच्या काही एलिटबुक मॉडेलांवरही अशीच काठी असते. तिथे रंग आणि सेटिंगचं नाव बदलतं, हाताची रीत बदलत नाही.

## सुरुवातीला एवढं समजून घ्या

टचपॅडवर बोट जितकं सरकतं तितका बाण सरकतो. ट्रॅकपॉइंटवर बोट सरकतच नाही. काठी जवळजवळ जागची हलत नाही, तिच्या बुडाशी ताण मोजणारे सेन्सर असतात. तुम्ही कोणत्या दिशेला आणि किती जोराने दाबता एवढंच ते वाचतात. दाब वाढला की बाणाचा वेग वाढतो, दाब सुटला की बाण थांबतो.

मोटार लावलेल्या शिलाई मशीनचं पायडल आठवा. पाय तिथल्या तिथे असतो. हलका टेकवला तर सुई एकेक टाका घालते, जोर दिला तर धावते, पाय उचलला की थांबते. कापड कुठवर न्यायचं आहे त्यावरून कोणी पाय पुढे सरकवत नाही. ट्रॅकपॉइंटचंही तसंच आहे. "बाण इथून तिथे ढकलायचा" असं मनात धरलंत की बोट टोपीवरून घसरायला लागतं. "त्या दिशेला थोडा वेळ हलका दाब, मग सोडायचं" असं धरलंत की अर्धं काम झालं.

## टप्पा १ : मशीन तपासा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड आणि लॅटिट्यूड भरपूर मिळतात. जुनं मशीन ट्रॅकपॉइंटसाठीच घेत असाल तर या गोष्टी दुकानातच पाहा.

बटणं. स्पेसबारच्या खाली, टचपॅडच्या वर तीन वेगळी बटणं हवीत: डावं, मधलं, उजवं. २०१३ च्या सुमाराच्या एक्स २४०, टी ४४० या पिढीत लेनोवोने ही बटणं काढून टचपॅडच्या वरच्या पट्टीतच मिसळून टाकली होती. पुढच्या पिढीत, म्हणजे एक्स २५० आणि टी ४५० मध्ये, ती परत आली. मिसळलेल्या पट्टीवर अंगठ्याला कडा लागत नाही आणि क्लिक करताना सगळं टचपॅडच खाली जातं. शिकायला असं मशीन घेऊ नका. डेलच्या काही मॉडेलांवर मधलं बटणच नसतं, म्हणजे आठव्या टप्प्यातली स्क्रोल करण्याची पद्धत तिथे चालणार नाही.

काठी. टोपी काढून आतली काठी पाहा. ती सरळ उभी हवी, डुगडुगता कामा नये.

बाण. काठीला हात न लावता मिनिटभर बाणाकडे पाहत राहा. तो आपोआप सरकत राहिला, थांबला आणि पुन्हा सरकला, तर कीबोर्ड बदलण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवा.

थांबा : कीबोर्डवर सिलिकॉनचं कव्हर घातलं असेल तर ते काढा. धूळ आणि चहा यांपासून वाचवण्यासाठी आपल्याकडे ते सर्रास घालतात, पण त्याचा पडदा टोपीला सतत एका बाजूला ओढत राहतो. त्या ओढीला मशीन तुमचा दाब समजतं.

## टप्पा २ : टोपी बदला, निदान धुवा

वापरलेल्या मशीनवरची टोपी बहुधा गुळगुळीत झालेली असते. गुळगुळीत टोपीवर बोट टिकवायला तुम्ही नकळत खाली जास्त दाबता, आणि खाली दाबण्याचा बाणाला काही उपयोग नसतो. बोटदुखीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

टोप्या मुख्यतः तीन आकारांत येतात. एक घुमटासारखी, वर खरखरीत, पेन्सिलच्या मागच्या खोडरबरासारखी दिसणारी. दुसरी थोडी रुंद घुमटाची, वर बारीक ठिपके असलेली. तिसरी वाटीसारखी, मध्ये खोलगट आणि कडेला किनार. शिकणाऱ्याने तिसरी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. बोटाची गादी त्या वाटीत बसते आणि बाजूच्या किनारीवर दाब दिला की पुरतं, खाली रेटावं लागत नाही. हात बसल्यावर हवी ती वापरा.

विकत घेताना मापावर लक्ष द्या. पातळ लॅपटॉपच्या टोप्या बुटक्या असतात आणि त्यांच्या तळाचं चौकोनी भोकही वेगळ्या मापाचं असतं. "थिंकपॅडची टोपी" एवढंच सांगून मागवू नका, मॉडेलचा पूर्ण क्रमांक सांगा.

काढायची पद्धत सोपी आहे. मशीन बंद करा, टोपी दोन नखांत धरा आणि सरळ वर उचला. पिळू नका, वाकवू नका. भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि पाणी घेऊन तळहातावर चोळा, धुवा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात रात्रभर ठेवा. बसवताना भोक काठीच्या चौकोनावर धरून सरळ खाली दाबा.

तपासा : टोपी बसवल्यावर ती आजूबाजूच्या कळांपेक्षा किती वर येते ते बाजूने डोळा लावून पाहा. पातळ मशीनवर उंच टोपी बसवली तर झाकण मिटल्यावर ती स्क्रीनला टेकते आणि मधोमध डाग पडतो. पिशवीत लॅपटॉपवर वह्या-पुस्तकांचा भार आला तर हे आणखी लवकर होतं.

## टप्पा ३ : टचपॅड खरोखर बंद करा

"गरज पडली तर टचपॅड आहेच" असं ठेवून कोणाचाही हात बसलेला मी पाहिलेला नाही. बाण जरा अडला की हात खाली जातो. शिवाय अंगठे बटणांवर ठेवले की तळव्याची कड टचपॅडला लागते, बाण उडी मारतो, आणि नाव ट्रॅकपॉइंटचं खराब होतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड, आणि वरचा स्विच बंद. विंडोज १० मध्ये तोच स्विच डिव्हायसेसच्या खाली आहे. तिथे स्विच दिसतच नसेल तर थिंकपॅड सुरू होताना एफ १ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. कॉन्फिग, मग कीबोर्ड अँड माउस या पानावर ट्रॅकपॅड आणि ट्रॅकपॉइंट यांच्या वेगवेगळ्या ओळी असतात. ट्रॅकपॅड बंद, ट्रॅकपॉइंट चालू. बाकी कशाला हात लावू नका.

तपासा : टचपॅड बंद केल्यावर वरची तिन्ही बटणं चालतात ना? तिन्ही दाबून पाहा. टचपॅडबरोबर तीही मेली तर स्विच परत चालू करा आणि दुसऱ्या मार्गाने बंद करा. बटणांशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तीन आठवडे टचपॅड बंद राहू द्या. याच काळात घरातल्या इतरांनाही तो लॅपटॉप लागणार असेल तर त्यांच्यासाठी यूएसबी माउस ठेवा.

## टप्पा ४ : सेन्सिटिव्हिटी वाढवा

इथेच बहुतेकांचं बिनसतं. बाण पळतो म्हणून लोक सेन्सिटिव्हिटी कमी करतात. मग बाण हलवायला जोर लागतो, जोर लावला की बारीक नियंत्रण जातं, बाण पुन्हा लक्ष्याच्या पुढे निघून जातो, आणि माणूस ती आणखी कमी करतो. दोन दिवसांत बोट दुखायला लागतं. करायचं याच्या उलट. सेन्सिटिव्हिटी वाढवायची आणि दाब कमी करायचा.

विंडोजमध्ये माउसच्या पानावरून "ॲडिशनल माउस सेटिंग्ज" उघडा. जी खिडकी उघडते तिथे ट्रॅकपॉइंटचा वेगळा टॅब असतो. काही नव्या मशीनवर ही सेटिंग स्वतंत्र ॲपमध्ये असते. इथे दोन पट्ट्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक पट्टी विंडोजच्या बाणाच्या वेगाची आहे, ती मध्यावर राहू द्या. दुसरी ट्रॅकपॉइंटची स्वतःची आहे, ती मध्याच्या दोन घरं पुढे न्या आणि पाहा.

लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असाल तर त्याच्या माउसच्या पानावर वरती उपकरण निवडता येतं. तिथे ट्रॅकपॉइंट निवडून फक्त त्याचाच वेग बदला. जुन्या थिंकपॅडवर कर्नलमध्येही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातही, ० ते २५५ मधला सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो, मूळ १२८. तो बदललात तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर तो टिकेल अशी सोय करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी हात बिघडल्यासारखा वाटेल.

नखाची चाचणी : बाण स्क्रीनच्या डाव्या कडेला ठेवा. तर्जनीने उजवीकडे दाबून तो एका दमात उजव्या कडेपर्यंत न्या आणि तेवढ्या वेळात स्वतःच्या नखाकडे पाहा. नखाचं टोक पांढरं पडत असेल तर दाब जास्त आहे; पट्टी आणखी एक घर पुढे न्या. नख गुलाबी राहून बाण पलीकडे पोचला की थांबा. आता उलटी बाजू बघा: बोट नुसतं टेकवल्यावर बाण थरथरतो का? थरथरत असेल तर एक घर मागे या.

याच खिडकीत आणखी तीन कामं उरकून घ्या. काठीवर टकटक केल्यावर क्लिक होण्याची सोय असेल तर ती बंद करा, टायपिंग करताना नको तिथे क्लिक होत राहतील. नव्या थिंकपॅडवर टोपीवर दोनदा टिचकी मारली की एक छोटा मेनू उघडतो, तोही सध्या बंद ठेवा. आणि विंडोजच्या बाणाच्या पर्यायांत "कंट्रोल दाबल्यावर बाणाची जागा दाखवा" हे चालू करा. मोठ्या स्क्रीनवर बाण हरवला की शोधायला गोल गोल फिरवायची सवय लागते. ती मुळातच लागू देऊ नका.

## टप्पा ५ : हात कसे ठेवायचे

काठी इंग्रजी जी, एच आणि बी या कळांच्या मध्ये असते. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर टाइप करणाऱ्यांनी असं लक्षात ठेवावं: डावीकडे उकार, उजवीकडे "प", खाली "व". म्हणजे "पु" लिहिताना तुमची दोन बोटं काठीच्या दोन्ही अंगांना उतरतात.

उजव्या हाताची तर्जनी "र" वर असते, तिथे कळेवर उंचवटा आहे. तिथून दीड कळ डावीकडे सरकली की ती टोपीवर येते. उजवं मधलं बोट "क" वर टेकलेलं राहू द्या. हे बोट म्हणजे खुंटा. तर्जनी काम संपवून "र" वर परत येते तेव्हा ती या खुंट्याच्या आधाराने येते, खाली बघावं लागत नाही. मधलं बोट उचललंत की पूर्ण हात तरंगतो आणि दर वेळी जागा चाचपावी लागते.

बटणं डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबा, निदान डावं आणि मधलं. काठी आणि बटण एकाच हाताने चालवणारे लोकही आहेत, पण सुरुवातीला चिमटा काढल्यासारखी पकड बसते आणि अंगठा दाबताना तर्जनीही दाबली जाते. मग नेमका क्लिकच्या क्षणी बाण हलतो. दोन कामं दोन हातांत वाटली की हा त्रास जातो. डावखुऱ्यांनी हेच उलट करावं. काठी मध्यावर असल्यामुळे दोन्ही हातांना ती सारखीच जवळ आहे.

मनगट टेबलावर किंवा लॅपटॉपच्या कडेवर टेकलेलं असू दे. एसटीत किंवा रेल्वेत मांडीवर मशीन घेऊन बसलात तरी बोटं टेकलेली राहतात, ही या काठीची मोठी सोय आहे. तर्जनीचं शेवटचं पेर मात्र आत मोडू देऊ नका. बोट थोडं कमानीत ठेवा आणि टोकापेक्षा गादीचा भाग टोपीवर येऊ द्या.

## टप्पा ६ : दाबाचा सराव, रोज १० मिनिटं

कामाच्या वेळेत शिकायला बसू नका. आधी मोकळ्या वेळात चार दिवस हे करा.

पहिल्या दिवशी फक्त आडव्या आणि उभ्या रेषा. बाण एका कडेकडून दुसरीकडे, अगदी हळू. दुसऱ्या दिवशी तेच वेगाने, पण कडेच्या दोन बोटं अलीकडे दाब सोडून बाण थांबवायचा. सोडणं हीच यातली खरी कला आहे, आणि लोक सराव फक्त दाबण्याचा करतात.

तिसऱ्या दिवशी एक्सेलची कोरी शीट उघडा. दूरचा एखादा सेल मनात धरा, बाण तिथे न्या, क्लिक करा, पुढचा धरा. प्रत्येक खेप दोन भागांत करा: आधी एक मोठा दाब देऊन लक्ष्याच्या जवळ जायचं, बोट हलकं करायचं, मग एक-दोन बारीक स्पर्शांनी नेमक्या जागी. एकाच दाबात नेमकं पोचायचा हट्ट धरलात की बाण दर वेळी पुढे जाईल. चौथ्या दिवशी पत्त्यांचा सॉलिटेअर खेळा. ओढणं, सोडणं, दोनदा क्लिक करणं हे सगळं त्यात येतं.

तपासा : १० मिनिटांनंतर तर्जनीच्या मधल्या सांध्यात कळ येत असेल तर सराव थांबवा आणि चौथ्या टप्प्याकडे परत जा. सवयीने जाईल म्हणून दुखतं बोट रेटू नका. जोर लागतोय याचा अर्थ सेटिंग किंवा टोपी अजून चुकीची आहे.

## टप्पा ७ : क्लिक आणि ओढणं

क्रम असा: पोचा, बोट हलकं करा, क्लिक. मधली पायरी गाळली की क्लिक शेजारच्या बटणावर पडतो. पहिल्या आठवड्यात खिडकी बंद करायची फुली किंवा फाइल डिलीट करायचं बटण दाबण्याआधी बाण थांबलाय हे डोळ्यांनी पाहूनच दाबा.

फाइल ओढायची असेल तर डाव्या अंगठ्याने डावं बटण दाबून धरा आणि तर्जनीने न्या. लांबचं ओढणं मात्र टाळा. फाइल कापून दुसऱ्या फोल्डरमध्ये चिकटवणं जास्त खात्रीचं. मोठा मजकूर निवडतानाही ओढू नका: सुरुवातीला क्लिक करा, शेवटाशी जा, शिफ्ट दाबून तिथे क्लिक करा. मधला सगळा मजकूर निवडला जातो.

## टप्पा ८ : स्क्रोल

मधलं बटण दाबून धरा, मग काठीला वर किंवा खाली दाब द्या. पान चालू लागतं. दाब वाढवला की वेग वाढतो. लांबलचक शासन निर्णय किंवा शंभर पानांची पीडीएफ वाचताना हलका दाब धरून पान संथ चालवता येतं, आणि ते टचपॅडवर दोन बोटं पुन्हा पुन्हा ओढण्यापेक्षा कितीतरी निवांत आहे.

क्रमात चूक नको. आधी बटण, नंतर काठी. थांबतानाही आधी काठी सोडायची, मग बटण. काठी दाबलेली असताना बटण सोडलं तर उरलेल्या दाबाने बाण उडतो.

सावध : मधलं बटण दाबून काठी न हलवता सोडलं तर तो मधला क्लिक धरला जातो. ब्राउझरमध्ये बाण लिंकवर असेल तर ती नव्या टॅबमध्ये उघडते, टॅबच्या पट्टीवर असेल तर तो टॅबच बंद होतो. लिनक्सवर शेवटचा निवडलेला मजकूर बाणाच्या जागी चिकटतो. एखादा अर्ज ऑनलाइन भरताना हे फार महागात पडतं, म्हणून स्क्रोल करण्याआधी बाण पानाच्या मोकळ्या जागेवर न्यायची सवय लावा.

स्क्रोल होतच नसेल तर माउसच्या सेटिंगमध्ये मधल्या बटणाचं काम "स्क्रोलिंग" निवडलेलं आहे का ते पाहा. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये एका प्रकारचा स्क्रोल चालत नाही, तेव्हा तिथला दुसरा पर्याय करून पाहावा.

## टप्पा ९ : बाण आपोआप सरकतो तेव्हा

ट्रॅकपॉइंट सोडून देणाऱ्यांचं हे सगळ्यात मोठं कारण, म्हणून जरा थांबून सांगते.

काठीला "शून्य दाब म्हणजे किती" हे सतत ठरवत राहावं लागतं, कारण उष्णतेने आणि वापराने सेन्सरचं माप थोडं हलत असतं. एखादा दाब बराच वेळ जसाच्या तसा राहिला तर मशीनला वाटतं हेच शून्य असावं. मग तुम्ही बोट उचलता आणि खरं शून्य त्याला उलट्या दिशेचा दाब वाटतो. बाण तिकडे सरकू लागतो.

आता माणूस काय करतो? बाण डावीकडे चाललाय म्हणून उजवीकडे दाब देऊन त्याला अडवतो. म्हणजे पुन्हा एक स्थिर दाब. मशीन त्यालाही शून्य धरतं आणि खोड लांबत जाते. मीही पहिल्या आठवड्यात हेच केलं होतं. एका मोठ्या मजकुराची शेवटची तपासणी चालू होती, बाण वरच्या कोपऱ्याकडे निघाला, मी पाच मिनिटं त्याच्याशी झगडले आणि शेवटी मशीन बंद करून चालू केलं. हात उचलून तीन सेकंद थांबले असते तर पुरलं असतं.

उपाय एवढाच: बोट उचला आणि थांबा. दोन-तीन सेकंदांत शून्य परत जागेवर येतं आणि बाण थांबतो.

हा त्रास पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून वाचताना बोट टोपीवर विसावू देऊ नका, "र" वर आणा. लांब स्क्रोल करताना मधूनमधून दाब सोडा. मशीन सुरू होताना किंवा झोपेतून उठताना काठीला हात लावू नका, त्या क्षणी ती शून्य ठरवत असते. एवढं पाळूनही बाण दिवसातून अनेकदा सरकत असेल तर टोपी काढून पाहा. टोपीच्या बुडाशी केस, धूळ किंवा खाण्याचे कण अडकून ती शेजारच्या कळेला घासत असते. ब्रशने साफ करा. तरीही थांबलं नाही तर काठीच खराब आहे, आणि ती बहुधा कीबोर्डसकट बदलावी लागते.

## टप्पा १० : मराठी मजकुरात काम

आता हात कामाला लावा. माझा रोजचा प्रसंग घ्या: कोणीतरी "पुर्ण" लिहिलंय आणि मला "पूर्ण" करायचं आहे. बाण "पु" आणि "र्ण" यांच्या फटीत न्यायचा, क्लिक, एकदा बॅकस्पेस, मग दीर्घ ऊकार. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी फक्त उकार खोडतो आणि "प" जागेवर राहतो. डिलीट कळ मात्र पुढचं जोडाक्षरच गिळून टाकते, म्हणून देवनागरीत दुरुस्तीसाठी नेहमी चुकीच्या मात्रेच्या नंतर कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस वापरा.

या सगळ्यात उजवी तर्जनी काठीवर गेली, डाव्या अंगठ्याने क्लिक झाला, उजव्या करंगळीने बॅकस्पेस आणि डाव्या तर्जनीने इंग्रजी टी च्या कळेवरचा दीर्घ ऊकार. हात कीबोर्डवरून उठलाच नाही.

फट चुकत असेल तर नेमकी गाठायचा आग्रह सोडा. शब्दावर कुठेही क्लिक करा आणि बाणाच्या कळांनी एकेक अक्षर सरका. जवळ न्यायचं काम काठीचं आणि शेवटचं एक अक्षर बाणाच्या कळांचं, अशी वाटणी केली की तपासणीचा वेग एकदम वाढतो. अक्षरं फार लहान असतील तर मजकूर १२५ किंवा १५० टक्के मोठा करून काम करा.

चित्र काढणं, फोटोतली कड कापणं, धावपळीचे खेळ यांसाठी माउस जोडा. काठीने वक्र रेषा सफाईने काढता येत नाही आणि त्यासाठी झगडूही नये.

## टप्पा ११ : तीन आठवड्यांनंतर

टचपॅड पुन्हा चालू करा आणि दोन दिवस स्वतःच्या हाताकडे लक्ष द्या. नकाशा मोठा-लहान करायला दोन बोटं टचपॅडवर गेली तर जाऊ द्या, ते काम तिथेच चांगलं होतं. पण तळवा लागून बाण उड्या मारू लागला तर पुन्हा बंद करून टाका. मी तसंच केलं आहे.

सेन्सिटिव्हिटीची पट्टी आता पुन्हा एकदा तपासा. हात हलका झालेला असतो, त्यामुळे आधी वेगवान वाटणारी पट्टी आता मंद वाटते. नखाची चाचणी परत घ्या आणि जमलं तर एक घर पुढे न्या. घरी मोठा मॉनिटर जोडत असाल तर ही चाचणी त्याच्यावर घ्या, लॅपटॉपच्या स्क्रीनवर नको.

टोपी दर महिन्याला धुवा. तिच्यावरचा खरखरीतपणा बोटाला लागेनासा झाला की नवी बसवा. सुटी टोपी मी लॅपटॉपच्या पिशवीत छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवते, कारण मॉडेलला जुळणारी टोपी ऐन वेळी जवळच्या दुकानात मिळेलच असं नाही.